चित्रपटस्थळांचे पर्यटन : माया बेचा धडा

पडद्यावर पाहिलेले स्थळ प्रत्यक्ष पाहावे, ही प्रेक्षकांची इच्छा स्वाभाविक आहे. त्यातून स्थानिकांना रोजगारही मिळतो. परंतु स्थळाची धारणक्षमता ओलांडली गेल्यास काय घडते, याचे बोलके उदाहरण म्हणजे थायलंडमधील माया बे.

फी फी ले बेटावरील, चुनखडीच्या कड्यांनी वेढलेला हा चिमुकला किनारा २००० साली प्रदर्शित झालेल्या ‘द बीच’ या चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झाला. पुढे तेथे दिवसाला सुमारे ५,००० पर्यटक येऊ लागले. नौकांचे नांगर व सततची वर्दळ यांमुळे प्रवाळांची मोठी हानी झाली. अखेर जून २०१८ मध्ये किनारा बंद करण्यात आला. प्रवाळांची पुनर्लागवड झाली, शार्क मासे परतले आणि जानेवारी २०२२ मध्ये किनारा पुन्हा खुला झाला; मात्र बंधनांसह. नौकांना बेटाच्या मागील बाजूस थांबविण्यात आले, पर्यटकांची संख्या मर्यादित करण्यात आली आणि पावसाळ्यात किनाऱ्याला विश्रांती देण्याची पद्धत सुरू झाली.

आपल्याकडे वाईजवळील मेणवलीचा कृष्णाकाठचा घाट ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटातून घरोघरी पोहोचला. अशा गावांच्या पंचायतींनी वाहनतळ, स्वच्छता आणि गर्दीची मर्यादा यांचे नियोजन आधीच करणे हिताचे ठरेल. स्थळ टिकले, तरच त्यावरील रोजगार टिकेल.