डावीकडे म्हणजे कोणाच्या डावीकडे?

सह्याद्रीतल्या भटकंतीवर मी मराठीत पॉडकास्ट करतो, त्याला सहा वर्षं झाली. पहिले काही भाग कपाटात डोकं घालून मोबाइलवर रेकॉर्ड केले. आईच्या साड्या आवाज घुमू देत नाहीत, हा शोध तेव्हाचा. भाग टाकला की मी तारे मोजत बसायचो. पाच आले की दिवस बरा जायचा, एकच आला की जेवण गोड लागायचं नाही. ताऱ्यांनी मला काहीच शिकवलं नाही, हे कळायला दोन वर्षं लागली. शिकवलं ते व्हॉट्सअॅपवर आलेल्या आवाजी निरोपांनी, आणि त्यातही तक्रारींनी. त्यातलेच हे सात धडे.

१. ऐकणारा उलट्या बाजूने येत असू शकतो

हरिश्चंद्रगडाचा भाग मी खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे चढताना रेकॉर्ड केला. ‘इथं डावीकडची वाट धरा’ असं दोन ठिकाणी ठणकावून सांगितलं. महिन्याभराने नाशिकच्या एका श्रोत्याचा निरोप आला. तो पाचनईकडून चढला होता आणि माझा भाग कानात घालून खिरेश्वरला उतरत होता. माझी डावी ती त्याची उजवी. त्यात धुकं उतरलेलं. दीड तास गवतातून फिरला आणि पुन्हा देवळापाशीच येऊन पोहोचला. आवाजात राग नव्हता, नुसता प्रश्न होता : “डावीकडे म्हणजे कोणाच्या डावीकडे, दादा?”

तेव्हापासून डोंगरात मी डावं-उजवं बोलत नाही. ‘कोकणकड्याला पाठ करून’, ‘ओढा ओलांडलात की’, ‘रेलिंग लावलेल्या कातळटप्प्याच्या वर’ अशी वाट सांगतो. गुराखी सांगतात तशी. आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं : धुकं असेल तर मला बंद करा आणि गावातला वाटाड्या घ्या.

२. ‘सोपं’ हा शब्द आपला असतो, त्यांचा नसतो

हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या तुम्ही फोटोत पाहिल्या असतील. कडेला हात रोवायला खोबणी आहेत. चढताना तोंड दगडाकडे असतं, त्यामुळे निभावतं. उतरतानाही तोंड दगडाकडेच ठेवून उलटं उतरायचं असतं, आणि पाय टेकवायची पुढची पायरी दिसत नाही. मी मध्यावर गोठलो. चार मिनिटं हललो नाही. रेकॉर्डर चालूच होता, त्यात माझा श्वास आणि वरून कोणाचं तरी ‘चला ना भाऊ’ एवढंच आहे. घरी आल्यावर ती चार मिनिटं मी कापली आणि भागात म्हणालो, ‘दिसतो तेवढा अवघड नाही.’

ठाण्याच्या एका वडिलांनी कळवलं : बारा वर्षांची मुलगी मध्यावर बसली, वर रांग, खाली रांग, आणि ती रडत विचारत होती की तो काका तर सोपं म्हणाला होता. पुढे त्यांनी विचारलं, “तुम्हाला खरंच भीती वाटली नव्हती?”

मी कापलेली चार मिनिटं शोधून परत जोडली आणि भाग नव्याने टाकला. त्यानंतर त्या भागावर जेवढे निरोप आले, ते सगळे त्या चार मिनिटांबद्दल होते.

३. महिना सांगितल्याशिवाय पाणी सांगू नये

बागलाणातल्या एका किल्ल्यावरचं टाकं मी नोव्हेंबरात पाहिलं होतं. गार, नितळ पाणी. मी भरभरून बोललो. एक जोडपं ते ऐकून एप्रिलमध्ये दोघांत एकच बाटली घेऊन चढलं. टाक्यात वाळकी पानं होती. उतरताना एका धनगराने ताक पाजलं म्हणून निभावलं.

आता प्रत्येक भागाच्या तोंडी तारीख असते. काजवे पावसाच्या तोंडावरचे दोन-तीन आठवडे, कासची फुलं साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, आणि कारवी फुलायची तर सात वर्षं थांबायचं. सह्याद्रीत ‘कुठे’ इतकंच ‘केव्हा’ महत्त्वाचं आहे.

४. ‘आहे’ वेगळं, ‘सांगतात’ वेगळं

इतिहासाबद्दल श्रोते सर्वांत तिखट बोलतात, आणि ते योग्यच आहे. नाणेघाटाच्या भागात मी सातवाहनांचं लेणं, भिंतीवरचा ब्राह्मी लेख, नागनिका राणीचं नाव, त्यात कोरलेले यज्ञांच्या दानांचे आकडे असं सगळं सांगितलं. त्याच दमात घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आला : व्यापारी कोकणातून वर येत आणि जकातीची नाणी यात टाकत.

जुन्नरच्या एका निवृत्त शिक्षकांनी शांतपणे कान उपटला. “लेख भिंतीवर आहे, वाचता येतो. रांजणात नाणी पडताना कोणी पाहिली? तेही सांगा, जरूर सांगा. पण दोन्ही एकाच आवाजात सांगू नका.”

‘एकाच आवाजात’ हे शब्द मला पुरून उरले. छापील मजकुरात ‘असे म्हणतात’ लिहून मोकळं होता येतं. बोलताना तो फरक सुरातून दाखवावा लागतो. दंतकथा मी आता थोडी हसत, शेकोटीपाशी बसल्यासारखी सांगतो. शिलालेखाचं आलं की सरळ बसतो.

५. पायथ्याच्या गावाला नाव असतं

मला सर्वांत जास्त लागलेला निरोप एका ताईंचा. त्यांच्याकडे मी आणि माझे दोन मित्र जेवलो होतो. त्यांच्या मुलाने त्यांना भाग ऐकवला. ताई म्हणाल्या, “माझं पिठलं तीनदा आलं तुमच्या बोलण्यात, गावाचं नाव एकदाबी नाही. पायथ्याचं गाव म्हणं! आमच्याकडनं बघा, गड आमच्या परसात हाय.”

मी तो भाग पुन्हा ऐकला. गडाच्या प्रत्येक बुरुजाला नाव होतं, माणसांना नव्हतं. आता भाग गावातून सुरू होतो : किती वाड्या, शेतात काय, एसटी किती वाजता येते. ताईंनीच मला शब्दही दिले. मी ‘रिज’ म्हणायचो, त्या ‘सोंड’ म्हणतात. मी ‘गली’ म्हणायचो, ती ‘नाळ’ निघाली. यावर पुण्याच्या एका तरुणाने तक्रार केली की हल्ली तुमचं मराठी कळत नाही. त्याचंही बरोबर होतं. म्हणून शब्द सोडत नाही, पण उच्चारताना पाय कुठे आहेत ते सांगतो; ‘दोन्हीकडे उतार आणि मधून चिंचोळी धार, अशा सोंडेवर आहे’ म्हटलं की शब्दकोश लागत नाही.

६. सगळ्याच जागा सांगायच्या नसतात

एका ओढ्यातला डोह मी नाव-पत्त्यासकट सांगितला. तिसऱ्या पावसाळ्यात तिथे थर्माकोलच्या ताटल्या, फुटक्या बाटल्या, आणि गाड्या लावायला तोडलेला भाताचा बांध. बांध ज्यांचा, त्या शेतकऱ्याचा निरोप आला : “वाट तुमच्या आवाजात सांगितलीत. आता कचरा उचलायला या, हेही तुमच्याच आवाजात सांगा.” सांगितलं. अकरा जण आले. बांध घालायला आम्हाला दिवस लागला, आणि तो आम्ही वाकडा घातला. त्यांनी दुसऱ्या दिवशी एकट्याने सरळ केला.

श्रोत्यांत यावर उभे दोन तट आहेत. एक म्हणतो, डोंगर सगळ्यांचा, लपवणारे तुम्ही कोण? दुसरा म्हणतो, नाव घ्याल तर ऐकणं सोडू. माझा तोडगा साधा आहे. रायगड, राजगड, लोहगड, साल्हेर यांचं काय लपवायचं? २०२५ च्या जुलैत युनेस्कोने यादीत घेतलेल्या आपल्या १२ किल्ल्यांत ते आहेत. तिथलं सगळं सांगतो. रविवार टाळा, हेही सांगतो. जिथे शौचालय नाही, गाडीतळ नाही आणि वाट कोणाच्या तरी खाचरातून जाते, तिथलं फक्त पाणी ऐकवतो, पत्ता देत नाही.

७. पोहोचलात की गप्प बसा

‘बोलणं फार, डोंगर कमी.’ एक तारा देऊन कोणीतरी हे चार शब्द लिहिले होते. मी वर्षभर चिडून होतो. मग साताऱ्याकडच्या एका काकांचा फोन आला. एसटीत चालक होते, ३१ वर्षं घाटात गाडी मारली. म्हणाले, “गुडघे गेले. गच्चीवरही चढवत नाही. तुमच्याबरोबर सगळे गड करतो. पण वर पोचलात की तुमचा आनंद एवढा होतो, की मला वारा ऐकूच येत नाही.”

मायक्रोफोनला बांधायचं केसाळ टोपडं आणलं, नाहीतर वारा नुसता फडफडतो. आता प्रत्येक भागाच्या शेवटी दीड मिनिट मी बोलत नाही. कधी कड्यावरचा वारा, कधी पाकोळ्या, कधी पागोळ्या. कोण कुठे ऐकणं सोडतं याचा आलेख अॅपमध्ये दिसतो. त्या दीड मिनिटाला निम्मे लोक उठून जातात. तरी कापत नाही.

मागच्या भागाच्या शेवटी गावातली पहाटेची पहिली एसटी ठेवली होती : कोंबडा, दार आपटल्याचा आवाज, मग चढाला लागलेलं इंजिन, दूर जाईपर्यंत. तासाभरात काकांचा निरोप आला.

“ड्रायव्हर नवा दिसतोय. वळणावर गिअर उशिरा पाडतोय. होईल सवय.”