सपाट पडद्याचा ध्वनिक्षेपक

माळेगांवची खंडोबाची जत्रा असो कीं लातूरची सिद्धेश्वराची, ध्वनिक्षेपकाची परीक्षा आपण बहुधा एकाच कसोटीनें करितों: आवाज किती दूर जातो? ही कसोटी खोटी नव्हे, पण अपुरी आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांत कीर्तन ऐकतांना गायकाचा शब्द, पेटीचा सूर आणि तबल्याची थाप हीं तिन्ही निरनिराळीं कानीं पडावींत अशीच आपली इच्छा असते. आवाज मोठा होणें वेगळें आणि तो जसाच्या तसा येणें वेगळें. या दुसऱ्या गुणासाठीं जो सपाट पडद्याचा चुंबकीय ध्वनिक्षेपक नांवाजला आहे, त्याची रचना आज पाहूं.

१८२० सालीं ओर्स्टेडनें दाखविलें कीं, विद्युत्प्रवाहामुळें जवळची चुंबकसूची वळते. पुढल्याच वर्षीं फॅरडेनें प्रवाह वाहणारी तारच चुंबकाभोंवतीं फिरती केली. सर्व चुंबकीय ध्वनिक्षेपकांचें मूळ येथेंच आहे. १९२५ सालीं अमेरिकेंतील राइस व केलॉग यांनीं तारेचें वेटोळें कागदी शंकूच्या मुळाशीं जोडून जो नमुना प्रसिद्ध केला, त्याच धर्तीवर आजही बहुतेक ध्वनिक्षेपक बनतात. यांत एक उणीव राहते. धक्का बसतो तो शंकूच्या मध्याशीं. कडेस तो मागाहून पोहोंचतो. दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीस मध्येंच धक्का द्या. लाट कडेकडे पसरत जाते, सबंध गोधडी एकदम हालत नाहीं. शंकूचेंही उंच स्वरांत असेंच होतें व आवाजांत अशुद्धता येते.

सपाट ध्वनिक्षेपकांत शंकूही नाहीं आणि वेटोळेंही नाहीं. चौकटींत ताणलेला, केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा पडदा असतो. त्यावर धातूची तार वरून खालीं, खालून वर अशी नागमोडी चिकटविलेली असते. पडद्यामागें उभ्या चुंबकपट्ट्यांची रांग असते. पडद्याकडे एकीचा उत्तर ध्रुव, तर शेजारणीचा दक्षिण. त्यामुळें बलरेषा एका पट्टीकडून दुसरीकडे पडद्याच्या पृष्ठालगत आडव्या जातात. तारेंतील प्रवाह उभा, बलरेषा आडव्या. मग तारेवरील बल कोणत्या दिशेस? फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम लावून पहा: पडद्याच्या पुढें किंवा मागें.

येथें चतुर विद्यार्थी विचारील, “शेजारच्या तारेंत प्रवाह उलटा आहे, मग तेथें बलही उलट होऊन पडदा जागींच राहणार नाहीं काय?” राहिला असता; परंतु तेथें बलरेषांची दिशाही उलटलेली आहे. दोन उलट मिळून एक सुलट होतें, आणि सर्व तारा पडद्यास एकाच क्षणीं एकाच दिशेस लोटतात. साऱ्या युक्तीचें मर्म हेंच होय. अमेरिकेंत जिम वाइनी यांनीं १९६९ सालीं मॅग्नेपॅन ही संस्था काढून असे ध्वनिक्षेपक विकण्यास आरंभ केला. १९७६ सालीं जपानच्या यामाहानें हेंच तत्त्व कानावर लावण्याच्या हेडफोनांत आणिलें.

याचे लाभ चार. पहिला, जवळजवळ सबंध पडदा एकदम हालतो. दुसरा, तो अतिशय हलका असल्यानें तबल्याची थाप चटकन् उमटते आणि चटकन् थांबते. तिसरा, तार उघड्यावर पसरलेली असल्यानें तिची उष्णता हवेंत सहज निघून जाते. चौथा, लांकडी पेटी नसल्यानें तिचा घुमारा आवाजांत मिसळत नाहीं.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पडद्याच्या पुढील व मागील लाटा परस्परविरुद्ध असल्यानें खर्जाचे स्वर एकमेकांस खाऊन टाकतात. म्हणून पडदा मोठा लागतो. आवाज वाढविण्यास ॲम्प्लिफायरही जबर लागतो. जत्रेच्या मैदानांत म्हणूनच कर्णाच योग्य. सपाट पडदा शोभतो तो शांत दिवाणखान्यांत.

या तत्त्वाची प्रचीति शाळेंतही घेतां येईल. नालाकृति चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्यें ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाची पट्टी सैल टांगा आणि तिच्या टोकांस बॅटरीच्या तारा क्षणभरच लावा. पट्टी एका बाजूस उडेल. तारा उलट लावा, ती दुसऱ्या बाजूस उडेल. हा प्रयोग गुरुजींच्या देखत करावा. ज्यानें ती पट्टी उडतांना पाहिली, तो पुढें ध्वनिक्षेपक निवडतांना “किती मोठा?” एवढेंच विचारून थांबणार नाहीं, “किती खरा?” हेंही विचारील.