निवडणुकीचा पाठ आणि संगणकाची खोली

इयत्ता दहावीच्या राज्यशास्त्रात ‘निवडणूक प्रक्रिया’ नावाचा पाठ आहे. पाने मोजकी, प्रश्न ठरलेले. निवडणूक आयोगाची कार्ये लिहा, मतदारसंघ म्हणजे काय ते सांगा, टिपा लिहा. हा पाठ आम्ही वर्षानुवर्षे खडू-फळ्याच्या आधाराने शिकवला आणि विद्यार्थ्यांनी तो पाठ करून गुणही मिळवले. मात्र प्रत्येक तुकडीत एखादा तरी विद्यार्थी उभा राहून विचारत असे, ‘‘सर, ज्यांनी घटना लिहिली ते बाबासाहेब निवडणूक कसे हरले?’’ या प्रश्नाला आम्ही ऐकीव उत्तर देत होतो. इतिहासाच्या शिक्षकाला ते शोभणारे नव्हते.

संस्थेने संगणकाची खोली उभारली आणि आंतरजालाची जोडणी आली, तेव्हा आम्ही प्रथम याच प्रश्नाचा कागद शोधला. भारताच्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनचे सांख्यिकी अहवाल ठेवलेले आहेत. त्यात ‘मुंबई शहर उत्तर’ हा मतदारसंघ काढावा. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांना १,३८,१३७ मते आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना १,२३,५७६. वजाबाकी विद्यार्थ्यांनीच करावी : १४,५६१. पण त्याच तक्त्याने वर्गाला एका नव्या कोड्यात टाकले. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांना काजरोळकरांहून अधिक मते आहेत, तरीही मेहता पराभूत आणि काजरोळकर विजयी! मुलांना वाटले, छपाईची चूक असावी.

चूक नव्हती. तो द्विसदस्य मतदारसंघ होता. एकाच क्षेत्रातून दोन प्रतिनिधी, त्यांतील एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, परंतु एका उमेदवाराला एकच देता येई. राखीव जागेचा निकाल अनुसूचित जातींच्या उमेदवारांमध्ये लागे आणि उरलेली जागा बाकी सर्वांत अधिक मते मिळवणाऱ्याकडे जाई. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी असे व मतपत्रिका त्या पेटीत टाकावयाची. फेडरेशनच्या पेटीवर हत्ती होता. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत पडल्या, तर एक मत वाया जाई. दुसरे मत असे वाया घालवण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार बाबासाहेबांनी व मेहतांनी निवडणूक अर्जाद्वारे केली होती. तो अर्ज फेटाळला गेला. द्विसदस्य मतदारसंघ पुढे १९६१ च्या कायद्याने बंद झाले. हे सारे कळण्यास दोन तासिका लागल्या. पाठ्यपुस्तकात त्यातले एक वाक्यही नाही, परीक्षेत त्याला एक गुणही नाही. तरीही आम्हाला असे वाटते की, राखीव जागा असलेल्या मतदारसंघातसुद्धा तेथील प्रतिनिधी सर्व मतदार मिळून निवडतात, ही पुणे कराराची गुंतागुंत विद्यार्थ्यांना त्या तक्त्यामुळे जेवढी उमगली, तेवढी आमच्या व्याख्यानांनी कधीच उमगली नव्हती.

त्याच पहिल्या निवडणुकीबाबत आणखी एक नोंद मुलींच्या वर्गात अवश्य वाचावी. तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या अहवालानुसार, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदार यादीतून वगळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते.

दुसरे साधन म्हणजे महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेले ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’ हे खंड. पूर्वी यातील एखादा खंड मिळवण्यासाठी आम्ही शासकीय ग्रंथागाराच्या फेऱ्या मारल्या आहेत. आज केंद्रीय परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून ते विनामूल्य उतरवून घेता येतात. निवडणुकीच्या पाठासाठी पहिला, दुसरा व तेरावा खंड पुरेसा आहे. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी दिलेली साक्ष पहिल्या खंडात, तर बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने १९२८ साली सायमन आयोगास दिलेले निवेदन दुसऱ्या खंडात आहे. ही दोन्ही साधने शेजारी ठेवली की विचाराची वाटचाल दिसते. १९१९ मध्ये ते अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणण्याची मागणी करतात. १९२८-२९ पर्यंत ती मागणी सर्वांसाठी प्रौढ मताधिकारापर्यंत पोहोचलेली असते. मालमत्ता आणि कराच्या आधारावर मत मिळण्याचा तो काळ होता. आपल्या आजोबा-पणजोबांकडे किती जमीन होती, हे विद्यार्थ्यांना विचारले की पुढचे विवेचन करावे लागत नाही.

संविधान सभेतील चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात इंग्रजी व हिंदीत आहेत. बंगळुरूच्या सेंटर फॉर लॉ अँड पॉलिसी रिसर्च या संस्थेने त्या शब्द टाकून शोधता येतील अशा रीतीने मांडल्या आहेत. आम्ही १५ व १६ जून १९४९ हे दोन दिवस निवडतो. मसुद्यातील अनुच्छेद २८९, म्हणजे आजचा ३२४. आधी प्रत्येक प्रांतासाठी स्वतंत्र निवडणूक आयोग योजलेला होता. बाबासाहेबांनी स्वतःच तो आराखडा बदलून एकच केंद्रीय आयोग सुचवला. कारण त्यांनी उघडपणे सांगितले : वंशाने, संस्कृतीने वा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांना काही प्रांतांत मतदार यादीबाहेर ठेवले जात असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. शिब्बनलाल सक्सेना यांनी विचारले की, आयुक्त नेमणार राष्ट्रपती, म्हणजे प्रत्यक्षात सत्ताधारी मंत्रिमंडळ. मग तो स्वतंत्र कसा राहणार? अयोग्य माणूस नेमला जाऊ नये याची हमी मसुद्यात नाही, हे बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशी मान्य केले आणि हा प्रश्न आपल्यालाही सतावत असल्याचे सांगितले. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांच्या निवड समितीत सरन्यायाधीशांचा समावेश करण्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने कायदा करून त्यांच्या जागी केंद्रीय मंत्र्याची तरतूद केली. म्हणजे १९४९ चा वाद अजून मिटलेला नाही. विद्यार्थ्यांचे दोन गट करून हा वाद वर्गात घडवून आणावा. सक्सेनांची बाजू मांडणाऱ्या गटाला बाबासाहेबांच्या विरुद्ध बोलण्याचा संकोच वाटतो; तो संकोच दूर करणे हे आम्ही आमचेच काम समजतो.

श्याम बेनेगल यांची ‘संविधान’ ही २०१४ ची दहा भागांची मालिका यूट्यूबवर आहे. सचिन खेडेकर यांनी साकारलेले बाबासाहेब मुलांना फार आवडतात. परंतु मालिका चर्चेनंतर दाखवावी, आधी नव्हे. आधी दाखवली तर मुले संवाद लक्षात ठेवतात आणि कागद विसरतात.

आता ज्या साधनाने आम्हाला सर्वांत अधिक विचार करायला लावला, त्याविषयी. प्रत्येक निवडणुकीनंतर ‘नमुना २०’ नावाचे अंतिम निकालपत्रक तयार होते व राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ठेवले जाते. त्यात मतदान केंद्रनिहाय प्रत्येक उमेदवाराची मते असतात. केंद्राचा फक्त क्रमांक दिलेला असतो, म्हणून मतदान केंद्रांची यादी वेगळी उतरवून दोन्ही जुळवावे लागते. आमची मुले निरनिराळ्या गावांची. प्रत्येकाने आपल्या गावचे केंद्र शोधावे आणि टक्केवारी काढावी, असा स्वाध्याय आम्ही दिला. गणित, भूगोल, राज्यशास्त्र सारे एकत्र येईल, एवढाच आमचा हेतू होता.

एका मुलाने स्वाध्याय दिला तो आकड्यांशिवाय. त्याच्या गावात शाळेच्या एका खोलीत फक्त बौद्धवाड्याचे मतदान होते. त्या खोलीचा आकडा सर्व गावाला माहीत असतो, असे त्याने लिहिले होते. ‘‘तुमच्या खोलीतून आम्हाला किती पडली ते आम्ही पाहिलंय,’’ असे पुढच्या पाच वर्षांत नळाची, रस्त्याची, घरकुलाची गोष्ट निघाली की त्याच्या वडिलांना ऐकवले जाते. मत गुप्त असते, हे त्याने पुस्तकात वाचले होते. एका माणसाचे मत गुप्त राहते, वस्तीचे राहत नाही, हे त्याला पुस्तकाआधी ठाऊक होते.

आम्ही त्या दिवशी पाठ थांबवला आणि पुढील आठवडा याच विषयाला दिला. कागदी मतपत्रिकांच्या काळात, दहशतीची शक्यता असेल तेथे, अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याची तरतूद नियमांत होती. मतदान यंत्रे आली आणि मोजणी पुन्हा केंद्रनिहाय झाली. अनेक यंत्रांची एकत्रित बेरीज दाखवणारे ‘टोटलायझर’ नावाचे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली मांडला. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्यास पाठिंबा दिला. तो अमलात आलेला नाही. विधी आयोगाचा तो अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर आहे. इंग्रजी जड आहे, म्हणून त्यातील संबंधित भागाचा मराठी गोषवारा आम्ही स्वतः तयार करून वाटला. पारदर्शकता हवी की गुप्तता, याचे सोपे उत्तर नाही. केंद्रनिहाय आकड्यांमुळेच मोजणीतील गडबड पकडता येते, असे एका मुलीने आग्रहाने मांडले आणि तिचेही चूक नव्हते.

आमचे विद्यालय धम्माच्या अधिष्ठानावर उभे असल्याने येथे आणखी एक दार उघडते. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खु संघाच्या कामकाजात ठराव, गणपूर्ती, मतमोजणी आणि गुप्त मतदानाचे नियम होते, याचे स्मरण करून दिले. त्याचे मूळ विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण पालि तिपिटक देवनागरीत आंतरजालावर दिलेले आहे, त्यामुळे मुलांना ते शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येतात. मत म्हणजे ‘सलाका’, लाकडाची काडी. ती गोळा करणारा भिक्खु ‘सलाकग्गाहापक’. आणि मत घेण्याच्या तीन पद्धती : ‘गूळ्हक’ म्हणजे गुप्त, ‘विवटक’ म्हणजे उघड, ‘सकण्णजप्पक’ म्हणजे कानात सांगून. येथपर्यंत मुले अभिमानाने ऐकतात. परंतु पुढचा भागही वाचावा, असा आमचा आग्रह आहे. अधम्माच्या बाजूने अधिक काड्या पडल्याचे दिसल्यास, त्या भिक्खूने मतदान नीट झाले नाही म्हणून ते रद्द ठरवावे, असेही तेथे सांगितले आहे. ‘‘सर, मग ही तर गडबडच झाली!’’ अशी प्रतिक्रिया आली. आम्ही ती दाबली नाही. संघाचा उद्देश धम्म टिकवणे हा होता, राज्य चालवणे हा नव्हता. दोन्हीत साम्य किती आणि भेद किती, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने मोजूनमापून सांगावे.

उमेदवारांची शपथपत्रे (२००२-०३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे ती सर्वांना पाहता येतात), मतदार यादीतील नाव शोधण्याची सोय, राज्य निवडणूक आयोगाचे वेगळे संकेतस्थळ, बालभारतीची ई-पुस्तके यांची माहिती बहुतेक शिक्षकांना आहेच. एवढेच सांगू की, ग्रामपंचायतीची निवडणूक भारताचा निवडणूक आयोग घेतो असे उत्तर दरवर्षी निम्मा वर्ग लिहितो. दोन्ही संकेतस्थळे एकदा शेजारी उघडून दाखवली की ते थांबते. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना नावनोंदणीचा अर्ज आधीच भरता येतो, हे वसतिगृह सोडून जाणाऱ्या मोठ्या मुलांना अवश्य सांगावे.

साधनांपेक्षा साधनांची भेसळ अधिक वेगाने पोहोचते, हेही नोंदवणे आवश्यक आहे. बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली मतदानाविषयीची वाक्ये दर निवडणुकीत भ्रमणध्वनीवर फिरतात. ती प्रेमाने पाठवलेली असतात, म्हणून त्यांना आव्हान देणे अवघड जाते. आमचा नियम साधा आहे : खंड कोणता, पान कोणते? मराठी भाषणांसाठी अठराव्या खंडाचे तीन भाग आहेत. सापडले तर फलकावर लावावे, न सापडले तर नाही.

यंदाच्या विद्यार्थी मंत्रिमंडळाच्या निवडणुकीत मतपेट्या तीन होत्या, वसतिगृहाच्या प्रत्येक दालनाची एक. पाचवी-सहावीच्या मुलांचे दालन सर्वांत लहान. मोजणीस बसण्यापूर्वी, आकड्यांशिवाय स्वाध्याय देणारा तोच मुलगा उठला आणि पेट्या वेगवेगळ्या मोजू नयेत, असे त्याने सुचवले. विहाराच्या सभागृहात सतरंजी अंथरली, तिन्ही पेट्या एकत्र ओतल्या, चौघांनी हाताने चिठ्ठ्या मिसळल्या आणि मग मोजणी झाली. एक चिठ्ठी कोरी निघाली. ती कोणत्या दालनातली, हे आम्हालाही कळले नाही.