पावती नको, प्लग वाच

भाच्या, दसऱ्याला तू गॅरेजचं शटर वर करणार. पाने-पकडी मी देतोच, पण त्याआधी चार गोष्टी कानात घालून ठेव. मी शिकलो तेव्हा पेट्रोल म्हणजे नुसतं पेट्रोल होतं. आता आपल्या कोल्हापूरच्या शिवारातला ऊससुद्धा टाकीत येतो. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई-२०, पंपांवर यायला लागलं आणि दोन वर्षांत तेच नेहमीचं झालं. पेट्रोल बदललं, तशी आपली नजरही बदलायला हवी.

पीयूसीच्या आकड्यावर भुलू नकोस. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, त्यामुळं जळण पुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड उतरतो. जुनी कार्बोरेटरची गाडी तर पावतीवर एकदम सज्जन दिसते. पण त्या कार्बोरेटरला पेट्रोल बदललेलं कळत नाही. जेट तोच, मिश्रण मात्र लीन. बीएस-६ गाडीच्या एक्झॉस्टवरचा सेन्सर हे ओळखून इंधन वाढवून घेतो. जुनीला ते डोकं नाही, तिचं डोकं तू. पावती छान यावी म्हणून एअर स्क्रू आणखी लीन करशील, तर इंजिन तापेल, नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतील, आणि अतीच केलंस तर मिसिंग होऊन न जळलेलं पेट्रोल बाहेर पडेल. पीयूसीचं मशीन नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाही. इथेनॉलच्या धुरात अल्डिहाइडही जास्त असतं, तेही त्याला दिसत नाही. म्हणून प्लग काढून बघ. तपकिरी असला तर ठीक, पांढराफटक दिसला तर गाडी उपाशी चालली आहे.

मायलेजचा हिशोब तोंडपाठ कर. लिटरमागं इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शानं कमी. वीस टक्क्यांना फरक पडतो सहा-सात टक्क्यांचा. निव्वळ पेट्रोलवर पन्नास देणारी गाडी सेहेचाळीस-सत्तेचाळीस देईल. गिऱ्हाईक म्हणालं, 'चाळीसवर आली', तर सगळं खापर उसावर फोडू नकोस. चाकातली हवा, एअर फिल्टर, ब्रेक धरतोय का, ते आधी बघ.

जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि ओ-रिंग बोटानं दाबून बघ. फुगले, चिकट झाले, की बदल. ई-२० ला चालणारेच घाल. आणि जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ इथेनॉल सोडवतं, म्हणून सुरुवातीला पेट्रोलचा फिल्टर लवकर तपास.

आता माझी फजिती ऐक. एका पावसाळ्यात माझीच गाडी दोन महिने अंगणात उभी होती. सुरू होईना, म्हणून मी पंपवाल्याशी कडाकडा भांडून आलो. घरी येऊन फ्लोट बाऊल खोलला, तर आत पाणी. टाकीच्या झाकणाचं रबर माझंच फाटलं होतं. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडं गेलं, की इथेनॉल पेट्रोलला सोडून त्याच्याशी संगनमत करतं आणि दोघं मिळून तळाला बसतात. इंजिन तळातलंच ओढतं, मग चालू कसं होणार? गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर झाकणाचं रबर तपास आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेव.

तेव्हापासून मी एक काचेची मोजनळी बाळगतो. ९० मिली पेट्रोल, १० मिली पाणी, बूच लावून हलवायचं आणि थोडा वेळ ठेवायचं. विडी-काडी लांब. खालचा थर १० चा २५ च्या पुढं गेलेला दिसेल. पाणी वाढलेलं नसतं, इथेनॉल खाली उतरलेलं असतं. ही नळी पान्यांच्या फळीवरच टांग. भेसळ-भेसळ म्हणत भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाशी आवाज चढवू नकोस. त्याच्याच टाकीतलं पेट्रोल घे आणि नळी त्याच्याच हातात दे.