बुरूज वजिराला खातो तेव्हा

प्रश्न : मुलाने 'बॅटल चेस' हा जुना संगणकी खेळ कुठून तरी मिळवला. त्यात सोंगट्या पटावर चालत जातात, एकमेकींवर शस्त्रे उगारतात. हत्तीच्या जागी असलेला बुरूज तर दगडी राक्षस होऊन वजिराला चक्क गिळतो! या मारामारीत मारायला गेलेली सोंगटीच कधी मरते का? आणि एवढ्या तमाशापायी संगणकाचा खेळ कच्चा होतो का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : मारायला गेलेली सोंगटी कधीच मरत नाही. साध्या प्याद्याने वजीर मारला, तर पडद्यावर कितीही झटापट होवो, पडणार वजीरच. लढाईला तोंड फुटण्याआधीच तिचा निकाल लागलेला असतो.

याचे कारण असे, की आत दोन निराळी कामे चालतात. बुद्धिबळ खेळणाऱ्या भागाला ना राक्षस दिसतो ना तलवार. त्याच्या लेखी पट म्हणजे ६४ घरांची यादी; कुठल्या घरात कोण, एवढीच नोंद. मी ही चाल केली तर समोरचा काय करील, त्यावर मी काय करीन, अशा शक्यता तो पुढेपुढे तपासतो, हाती येणाऱ्या डावांना गुण देतो आणि फायद्याची चाल निवडतो. मग चित्रांच्या भागाची पाळी येते. मारणारा कोण आणि मरणारा कोण, एवढे पाहून तो त्या जोडीचे तयार दृश्य लावतो.

अशा जोड्या मोजता येतात. मारणारे ६ प्रकारचे. राजा मारला जात नाही, म्हणून मरणारे ५. झाल्या ३० जोड्या. मात झाल्यावर राजाला लोळवतानाही दाखवायचे, तर त्याला मात देणारे आणखी ५. एकूण ३५.

'इंटरप्ले' कंपनीने हा खेळ १९८८ साली आधी अमिगा संगणकासाठी काढला. कोण जिंकणार हे ठरलेलेच असल्याने चित्रकारांनी सगळी कल्पकता कसे जिंकणार यावर खर्च केली. त्यातला घोडा म्हणजे पायी चालणारा चिलखतधारी योद्धा. घोड्याने घोडा मारला, की हरणाऱ्याचे हातपाय एकेक करून तुटतात आणि तरी गडी हटत नाही! 'माँटी पायथन अँड द होली ग्रेल' या १९७५ च्या विनोदी चित्रपटातल्या काळ्या सरदाराची ही नक्कल.

तुम्ही विचारता तशी खरीखुरी लढत हवी असेल, तर 'आर्कन' हा १९८३ चा खेळ पाहावा. तोही पटावरचाच. पण शत्रूच्या घरात शिरले, की दोघांना रिंगणात उतरून झुंजावे लागते. तिथे हात चपळ असेल तर दुबळी सोंगटीही बलाढ्य सोंगटीला लोळवते. खेळ झकास आहे, पण ते बुद्धिबळ नव्हे. बुद्धिबळात दहा चाली पुढचा हिशेब करता येतो, तो 'मारले म्हणजे मेले' या भरवशावरच.

आता दुसरा प्रश्न. चाल ठरल्यावर दृश्य लागते, त्यामुळे मारामारीने संगणकाची चाल बिघडत नाही. मात्र वेळ जातो. त्या काळी फ्लॉपीवरून दृश्य वाचून होईपर्यंत खेळाडू ताटकळत. शिवाय उभ्या आकृत्यांमुळे मागची घरे झाकली जातात आणि तिरका येणारा उंट नजरेतून सुटतो. म्हणूनच या खेळात नेहमीचा सपाट पट लावायचीही सोय आहे.

कच्चा होतो तो माणसाचा खेळ. नवे दृश्य बघायच्या हौसेने मुले दिसेल ती सोंगटी मारत सुटतात आणि प्याद्याच्या बदल्यात हत्ती घालवून बसतात. संगणकाला ही हौस नसते. तेव्हा मुलाला मारामाऱ्या पोटभर बघू द्या. डाव जिंकायचा असेल, तेव्हा सपाट पट लावायला सांगा.