वारा मंद असेल तेव्हा

नवलाख उंबरे या नावातील 'उंबरे' म्हणजे उंबराची झाडे की घरांचे उंबरठे, यावर वाद घालता येईल. आम्हांला पहिला अर्थ प्रिय आहे. कारण उंबराचे फळ खाऊन त्याचे बी दूरवर टाकणारा रात्रीचा माळी म्हणजे वटवाघूळ. कार्ले, भाजे, बेडसे येथील ज्या लेण्यांत भिक्खूंनी वर्षावास केला, तेथील अंधाऱ्या कोपऱ्यांत आज त्याची वस्ती आहे. लहान जाती भातखाचरांवरील किडे टिपतात. तरीही फलाहारी वटवाघळे कायद्याने दीर्घकाळ उंदरांच्या पंक्तीत, उपद्रवी म्हणून बसवलेली होती. ते परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीने गेले.

आता घाटमाथ्यावर पवनचक्क्या उभ्या आहेत. भीमाशंकर अभयारण्यालगतच्या प्रकल्पाने झालेली वृक्षतोड, धूप आणि दरडी यांची नोंद डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात केली. ही हानी दिवसा दिसते. रात्री पात्याच्या आघाताने पडलेले वटवाघूळ मात्र उजाडेपर्यंत कोल्ह्या-मुंगसाने उचललेले असते. बहुतेक जातींची मादी एका वेळी एकच पिलू देते, त्यामुळे ही घट भरून निघण्यास वर्षे लागतात.

म्हणून पवनचक्क्या नकोत काय? कोळशाचा धूर आम्हांस मान्य नाही. उपाय वाऱ्याच्या गणितातच आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील ऊर्जा आठपट होते. मंद वाऱ्यात पाती फिरतात, पण वीज नाममात्र मिळते. किडे आणि लहान वटवाघळे मुख्यतः अशाच शांत रात्री उडतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात २००८ व २००९ साली, वटवाघळांच्या वर्दळीच्या काळात, वारा सेकंदाला ५ किंवा ६.५ मीटर होईपर्यंत रात्री काही चक्क्या थांबवून ठेवल्या. मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले. अशा उपायाने वर्षाच्या विजेतील तूट एक टक्क्याहून अधिक होत नाही, असे दिसले.

आपल्याकडे पवनविजेचा मोठा वाटा पावसाळी वाऱ्यांचा. तेव्हा पावसाळा सरल्यावरच्या निवांत रात्री पाती थांबवण्याची किंमत आम्हांला अल्प वाटते. अडचण यंत्राची नाही. तशी अट करारात घालण्याची आहे, आणि ती मागण्यासाठी नोंदी हव्यात.

आमचे जे माजी विद्यार्थी पवनचक्क्यांच्या देखभालीचे काम करतात, त्यांनी पहाटे पायथ्याशी फेरी मारावी. मृत वटवाघूळ दिसल्यास उघड्या हाताने उचलू नये. छायाचित्र, तारीख आणि रात्रीच्या वाऱ्याचा वेग वहीत लिहावा. काही न सापडल्यास तेही लिहावे.