चेंबरचं पॅकिंग : पुस्तकातलं आणि गाडीखालचं

‘गॅस्केट’ हा शब्द आपण मशीन डिझाइनच्या पेपरात दोन मार्कांसाठी पाठ करतो आणि परीक्षा संपली की विसरतो. गॅरेजमध्ये मात्र हा शब्द कुणी वापरतच नाही. तिथे ते ‘पॅकिंग’ असतं आणि आपण ज्याला ऑइल पॅन किंवा संप म्हणतो ते असतं ‘चेंबर’. दिग्रसला दारव्हा रोडवरच्या कुठल्याही मिस्त्रीला ‘ऑइल पॅन गॅस्केट’ म्हणून पाहा, तो तुमच्याकडे बघतच राहील. ‘चेंबरचं पॅकिंग गेलं’ म्हणा, तो लगेच पाना उचलेल.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत काकांच्या जुन्या डिझेल पिकअपचं हे काम मी मिस्त्रींच्या हाताखाली केलं. ते इथे क्रमाने लिहितो आहे. मेकॅनिकलच्या मुलांना प्रॅक्टिकल म्हणून उपयोगी पडेल. बाकीच्यांना निदान पार्किंगमधल्या काळ्या डागाचा अर्थ तरी कळेल.

गळती किती महागात पडते?

आमच्या भागात दिवाळी म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. पिकअप रोज भाड्याने चालते आणि घरचा वर्षाचा खर्च बऱ्यापैकी याच दोन-तीन महिन्यांवर निघतो. गाडी थांबवणं काकांच्या जिवावर आलं होतं. ‘थोडं गळते, रोज टॉपअप करून घेऊ, सीझन निघून जाईल,’ असं त्यांचं म्हणणं.

मी वहीत साधा हिशोब मांडला. वीस थेंबांचा ढोबळमानाने एक मिलिलिटर होतो. इंजिन चालू असताना मिनिटाला एक थेंब पडला, तर आठ तासांत ४८० थेंब, म्हणजे २४ मिलि. ही गळती डोळ्यांना दिसते, पण गाडी मारत नाही. तेच सेकंदाला एक थेंब झालं तर आठ तासांत २८,८०० थेंब, म्हणजे जवळपास दीड लिटर! डिपस्टिकवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण तेवढाच फरक असतो. म्हणजे सकाळी भरलेली गाडी संध्याकाळी पुसदहून परतताना खालच्या खुणेवर. मग एखाद्या चढावर किंवा वळणावर पंपाने ऑइलऐवजी हवा ओढली, की क्रँकच्या बेअरिंगमधली ऑइलची फिल्म तुटते. पुढचं सांगायला नको. इंजिन बसतं आणि काही शे रुपयांच्या पॅकिंगपायी सगळा सीझन जातो. आकडे पाहून काका गप्प झाले. ‘दोन दिवस देतो,’ म्हणाले.

आधी निदान, मग पाना

ऑइल खाली चेंबरवर दिसतं म्हणून ते चेंबरमधूनच येतं असं नाही. ऑइल वरून खाली येतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जातं. टॅपेट कव्हर, ऑइल फिल्टरची सीट, ऑइल प्रेशरचा स्विच, टायमिंग कव्हर, मागचं क्रँक सील यांपैकी कुठूनही निघालेलं ऑइल शेवटी चेंबरच्या बोल्टावरच लोंबतं. म्हणून पहिलं काम म्हणजे इंजिनची खालची बाजू डिझेल आणि ब्रशने धुऊन कोरडी पुसायची. मग सांध्यांवर साधी टाल्कम पावडर उडवायची आणि गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणायची. पांढऱ्या पावडरवर ओलाव्याची पहिली काळी रेघ जिथे उमटते, तिथे दुखणं. आमची रेघ थेट चेंबरच्या कडेला, डाव्या बाजूला उमटली.

दुसरी तपासणी ब्रीदरची. पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा वायू क्रँककेसमध्ये येतच असतो. तो बाहेर जायची नळी चिखलाने, काजळीने तुंबली तर आत दाब वाढतो आणि कितीही चांगलं पॅकिंग बसवा, ऑइल वाट काढतंच. ब्रीदर मोकळा नसेल तर आधी तो साफ करावा, नाहीतर नवीन पॅकिंगसुद्धा महिन्याभरात रडायला लागतं.

गाडीखाली जाण्याआधी

ही गोष्ट दोनदा वाचावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. सपाट, टणक जागा, हँडब्रेक, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि चॅसीखाली दोन्ही बाजूंना घोड्या. घोडीवर वजन बसल्यावर गाडी हाताने हलवून पाहायची आणि मगच खाली सरकायचं. जॅक चेंबरला लावायचा नाही, पत्रा चेपतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवायची.

ऑइल कोमट असताना काढावं. गार ऑइल जाड असतं, तळाचा गाळ बाहेर येत नाही; उकळतं ऑइल हात भाजतं. ड्रेन नट काढून अर्धा तास निथळू दिलं. निथळलेलं ऑइल मिस्त्रींनी उन्हात धरून बोटांवर चोळलं. चकाकी दिसली असती तर बेअरिंगची झीज सुरू झाली असं समजायचं. आमचं नुसतं काळं होतं. काळं असणं डिझेलला शोभतंच!

चेंबर उतरवणे

बऱ्याच पिकअपमध्ये चेंबरच्या खाली आडवा क्रॉसमेंबर किंवा पुढचा अॅक्सल येतो. बोल्ट सुटतात, पण चेंबर बाहेर निघत नाही. अशा वेळी इंजिन माउंटिंगचे नट सोडून इंजिन दोन-तीन सेंटिमीटर वर उचलावं लागतं, शक्यतो वरून साखळी-कप्पीने. त्याआधी रेडिएटरचे होज, पंख्याचं अंतर आणि सायलेन्सरचा पाइप पाहून घ्यावा, कुठे ताण यायला नको.

चेंबर चिकटून बसला होता. मी स्क्रूड्रायव्हर घुसवायला निघालो तसे मिस्त्री म्हणाले, ‘अबे बाबू, नोको! ब्लॉकले चरा पडला त मंग थो जलमभर गळते.’ त्यांनी रबरी हातोड्याने कोपऱ्यांवर आडवे ठोके दिले आणि पातळ सुरी पॅकिंगमधून फिरवली. दोन मिनिटांत चेंबर हातात आला.

आणि इथेच दोन दिवस दिल्याचं सार्थक झालं. चेंबरच्या तळाशी आणि ऑइल पंपाच्या गाळणीवर सिलिकॉनचे लाल-लाल तुकडे होते. गाडी आमच्याकडे येण्याआधी कुणीतरी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी भरपूर सिलिकॉन थापलं होतं. दाबल्यावर जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आतही निघतं. तेच सुटून गाळणीवर जमलं होतं. जाळी अर्धी बंद! गळती नसती तर आम्ही चेंबर उघडलाच नसता, आणि एक दिवस काही न सांगता ऑइल प्रेशर गेलं असतं.

थोडी थिअरी

चेंबरच्या पॅकिंगवर ऑइल पंपाचा दाब नसतो. हेड गॅस्केटला ज्वलनाचा शंभर बारच्या आसपासचा दाब सोसावा लागतो; चेंबरच्या आत मात्र जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच दाब असतो. म्हणजे इथे फक्त उडणारं, निथळणारं ऑइल अडवायचं आहे. त्यासाठी जोर नको, सगळीकडे सारखा दाब हवा.

आता आकडे. बोल्टमधला ताण = टॉर्क ÷ (०.२ × बोल्टचा व्यास). एम ६ बोल्ट आणि ८ न्यूटन-मीटर टॉर्क धरला तर ८ ÷ (०.२ × ०.००६) = सुमारे ६,६७० न्यूटन, म्हणजे जवळपास ६८० किलोचा भार, तोही एका बोल्टवर. असे वीस बोल्ट असले तर साडेतेरा टन! एवढ्याशा बोल्टात ही ताकद असते. ‘आणखी थोडं कसू’ म्हणून टॉर्क दुप्पट केला तर भार १३,३०० न्यूटनवर जातो, आणि ८.८ ग्रेडचा एम ६ बोल्ट १२,००० न्यूटनच्या अलीकडेच कायमचा ताणला जाऊ लागतो. त्याआधी पॅकिंग चिरडतं आणि चेंबरचा पत्रा बोल्टाभोवती वाकतो. दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते. म्हणजे गळू नये म्हणून जास्त कसलं आणि त्यानेच गळायला लागलं.

आता कॉर्कच का? कॉर्क म्हणजे एका ओक वृक्षाची साल. जगात सर्वांत जास्त पोर्तुगालमध्ये निघते. तिचा पॉयसन रेशो जवळजवळ शून्य असतो. दाबली तरी बाजूला फुगत नाही. रबराचा रेशो ०.५ च्या जवळ, म्हणजे ते दबण्याऐवजी बाजूला पळतं. म्हणून दोन्ही मिसळून रबर-कॉर्कचं पॅकिंग करतात : कॉर्क दबतं, रबर ऑइल पिऊ देत नाही. दुकानात बरीच वर्षं पडून कॉर्क सुकून आखडलं असेल आणि भोकं जुळत नसतील, तर ओल्या फडक्यात थोडा वेळ गुंडाळून ठेवावं, ते परत फुलतं.

जोडणी

१. ब्लॉकची कड प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून पेट्रोलच्या फडक्याने पुसावी. ऑइलचा अंश राहिला तर काहीच चिकटत नाही.

२. चेंबरची कड सपाट फरशीवर ठेवून पाहावी. बोल्टाच्या भोकांभोवती पत्रा उचललेला असेल तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने बसवावा. हे काम बहुतेक जण टाळतात आणि नेमकं तिथूनच पुन्हा गळतं.

३. गाळणी काढून डिझेलमध्ये धुवावी.

४. सिलिकॉन फक्त टायमिंग कव्हर आणि मागच्या सीलचं घर जिथे ब्लॉकला भेटतं त्या कोपऱ्यांवर, तुरीच्या दाण्याएवढं. बाकी पॅकिंग कोरडं. सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन पक्कं होतं, म्हणून डब्यावर लिहिलेला वेळ द्यावा.

५. सगळे बोल्ट आधी हाताने आट्यात धरावेत. मग मधून कडेकडे, समोरासमोर, तीन फेऱ्यांत कसावेत.

६. ड्रेन नटाचा तांब्याचा वायसर नवीन नसेल तर लाल तापवून पाण्यात टाकावा. पोलाद असं केल्यावर कडक होतं, तांबं मऊ होतं!

टॉर्क रेंच नव्हता. मग भाजीवाल्याकडे असतो तसा दहा किलोचा स्प्रिंगकाटा घेतला, पान्याला बोल्टापासून २० सेंटिमीटरवर अडकवला आणि काटकोनात चार किलोपर्यंत ओढला. ४ × ९.८१ × ०.२ = ७.८५ न्यूटन-मीटर. झाला टॉर्क रेंच! मिस्त्री हसले, पण तिसऱ्या बोल्टापासून काटा त्यांनीच हातात घेतला. (तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत पाहा, माझा आकडा सरसकट लावू नका.)

सुरू करताना

दुसऱ्या दिवशी नवीन फिल्टर लावून पुस्तिकेतल्या ग्रेडचं ऑइल भरलं. स्टॉपची केबल ओढून धरून, प्रेशरचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर थोडा थोडा मारला, म्हणजे कोरड्या बेअरिंगवर इंजिन धडधडत नाही. मग चालू केलं. शंभरेक किलोमीटर चालल्यावर इंजिन थंड असताना बोल्ट एकदा तपासले. कॉर्क बसल्यावर थोडे सैल होतातच. जिथे नुसत्या सिलिकॉनचाच सांधा असतो तिथे मात्र परत कसू नये, त्याची पकड तुटते.

राहिलं जुनं ऑइल. त्यात धातूचे कण आणि जळकी विषारी द्रव्यं असतात. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. ते नालीत ओतलं तर आमच्याकडे धावंडा नदीतच जातं. आम्ही कॅनमध्ये भरून ते गोळा करणाऱ्याला दिलं.

पिकअपने तो पूर्ण सीझन मारला. चेंबरची कड कोरडी आहे. काका आता रोज सकाळी स्वतः डिपस्टिक पाहतात, आणि हॉर्न वाजवण्याआधी गाडीखाली वाकून जमीनही.

आपल्या वर्कशॉपमध्ये एखादं जुनं इंजिन पडलेलं असेलच. सरांची परवानगी घ्या, चार जण मिळून त्याचा चेंबर एकदा उतरवून पुन्हा बसवा. जर्नलमध्ये लिहिण्यापुरतं नव्हे, पुन्हा गळू नये अशा बेताने बसवा.